रस्ता फुटतो पावसाळ्यात, पण ठरतं हिवाळ्यात

(ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

कानात इअरफोन घालून एसटीच्या खिडकीजवळ बसला असाल, तर आजचा विषय थेट तुमच्या सीटखाली आहे. आज बोलायचंय रस्त्यावर. तेही आपल्या परभणी जिल्ह्यातल्या, आणि तेही हिवाळ्यातल्या रस्त्यावर.

आता कुणी म्हणेल, खड्डे पडतात जुलै-ऑगस्टमध्ये, मग हिवाळ्याचं काय काढलं? तर तेच सांगायचंय. पावसात आपल्याला फक्त निकाल दिसतो. पेपर लिहिला जातो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. डांबर किती गरम असताना टाकलं, दव वाळलं होतं का, सिमेंट रस्त्यावर किती दिवस पाणी मारलं, ऊस भरलेली ट्रॉली त्यावरून कधी गेली, भेगा पावसाआधी भरल्या की नाही, हे सगळं थंडीच्या चार महिन्यांत ठरतं. पहिल्या मोठ्या पावसात जो रस्ता उखडतो, तो बहुतेक वेळा आधीच आतून हरलेला असतो.

आणि हा काही नुसता कंबरदुखीचा मामला नाही. ज्या गावाला एकच रस्ता आहे, तिथं तो खराब झाला की एसटी बंद होते, मुलींचं कॉलेज सुटतं, बाळंतीण दवाखान्यात वेळेवर पोचत नाही. म्हणून हा भाग जरा नीट ऐका, म्हणजे वाचा.

आपला हिवाळा आणि यूट्यूबवरचा हिवाळा

मोबाइलवर 'विंटर रोड मेंटेनन्स' शोधलं की बर्फ हटवणाऱ्या गाड्या आणि रस्त्यावर मीठ फेकणारे ट्रक दिसतात. कॅनडा, उत्तर अमेरिका, युरोपमध्ये अडचण अशी असते की रस्त्याच्या भेगेत शिरलेलं पाणी रात्री गोठतं. पाण्याचा बर्फ होताना त्याचा आकार साधारण 9 टक्क्यांनी वाढतो. भेग रुंद होते. दिवसा बर्फ वितळतो, पाणी आणखी आत जातं, रात्री पुन्हा गोठतं. असं महिनोन्‌महिने चालतं. आपल्या देशातही लडाखमध्ये सीमा रस्ते संघटनेला याच गोष्टीशी झगडावं लागतं.

परभणीत थंडी कमी नसते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या तापमानाची नोंद दर हिवाळ्यात बातम्यांत येते. डिसेंबर 2018 च्या शेवटी तर पारा 5 अंशांच्याही खाली गेला होता. तरीही आपल्याकडे रस्त्यातलं पाणी गोठत नाही. त्यामुळं मीठ, बर्फ, गोठणं-वितळणं हे सगळे सल्ले बाजूला ठेवा.

आपल्या हिवाळ्याचे त्रास वेगळे आहेत. पहाटे दव आणि धुकं. रात्री बोचरी थंडी, दुपारी चटका, म्हणजे दिवस-रात्रीत 15 ते 20 अंशांचा फरक. दुपारी कोरडा वारा. आणि याच काळात रस्त्यावर उतरणारा ऊस. पण एक मोठी सोयही आहे, पाऊस नसतो. रस्त्याच्या कामाला ऑक्टोबर ते मे एवढाच काळ मिळतो आणि त्यातले थंडीचे महिने नीट वापरले नाहीत, तर कामं 'मार्च एंड'च्या घाईत जातात. काही तर मे संपेपर्यंत रेंगाळतात आणि मग मृग डोक्यावर येतो.

ज्वारीला चांगली, रस्त्याला अवघड: आपली काळी माती

डांबर-सिमेंटकडे जाण्याआधी खालची माती समजून घेऊ, कारण रस्ता उभा असतो तो तिच्यावर.

जिंतूरकडचा भाग डोंगराळ, मुरमाड. पण पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या गोदावरीकाठच्या पट्ट्यात खोल काळी माती आहे. आपली रब्बी ज्वारी थंडीत फारसं पाणी न देता येते, ती कशामुळं? ही माती पावसाचं पाणी महिनोन्‌महिने धरून ठेवते म्हणून. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. ते कागदाच्या गठ्ठ्यासारखं असतं, पातळ पातळ थरांचं. दोन थरांमध्ये पाणी शिरलं की गठ्ठा फुगतो, पाणी गेलं की आक्रसतो.

शेतकऱ्याच्या कामाचा हा गुण रस्त्याच्या मुळावर येतो. पावसाळ्यात माती फुगते आणि मऊ पडते. हिवाळा सरत येतो तशी ती आक्रसते, शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. तीच भेग रस्त्याच्या कडेलाही येते. रस्त्याच्या मधली माती वरून झाकलेली असल्यामुळं ओल धरून राहते आणि कडेची माती आधी वाळते. मग डांबराच्या कडेपासून फूट-दोन फूट आत, रस्त्याला समांतर अशी लांबच लांब भेग दिसायला लागते. कडेला मोठी बाभूळ असेल तर तिची मुळं ओल ओढतात आणि भेग तिथं लवकर येते.

यावर उपाय नवा नाही. खोल काळ्या मातीवर थेट खडी पसरायची नसते. देशातल्या रस्त्यांच्या मानकांमध्ये ज्या मातीचा मुक्त फुगवटा निर्देशांक 50 टक्क्यांच्या वर आहे, ती भरावासाठी चालत नाही. एक तर काळ्या मातीवर न फुगणाऱ्या मातीचा 0.6 ते 1 मीटरचा थर द्यायचा, किंवा मातीत चुना मिसळून तिचा फुगण्याचा स्वभाव कमी करायचा. पण हा खर्च जमिनीखाली जातो, उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही. काटछाट करायची झाली की पहिली कात्री इथंच लागते. तुमच्या गावाजवळ नवा रस्ता होत असेल तर वरच्या डांबराआधी हे खालचं काम बघा.

डांबर: घड्याळाशी नाही, थर्मामीटरशी शर्यत

डांबरी रस्त्यात डांबर फार नसतं. 100 किलो मिश्रणात साधारण 5 किलो डांबर, बाकी खडी आणि बारीक चुरा. एवढंसं डांबर सगळ्या खडीला धरून ठेवतं. पण त्यासाठी ते टाकताना पातळ असायला हवं, आणि ते पातळ राहतं फक्त गरम असेपर्यंत.

डांबराच्या ग्रेड असतात: व्हीजी-10, 20, 30, 40. आकडा जितका मोठा, तितकं डांबर घट्ट. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून व्हीजी-30 किंवा जड वाहतुकीसाठी व्हीजी-40 लागतं. उन्हाळ्यात रस्ता वितळून चिकटू नये म्हणून ही निवड. पण हेच घट्ट डांबर थंडीत टाकायला जास्त अवघड.

व्हीजी-30 साठी केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तपशिलात आकडे ठरलेले आहेत. हॉटमिक्स प्लांटमधून मिश्रण निघताना 150 ते 165 अंश. रस्त्यावर पसरताना किमान 140. आणि रोलरची दबाई 90 अंशांच्या खाली जायच्या आत संपली पाहिजे. म्हणजे प्लांटपासून शेवटच्या दबाईपर्यंतचा सगळा खेळ या मधल्या अंशांचा आहे.

आता डिसेंबरची सकाळ डोळ्यांपुढं आणा. प्लांट लांब आहे. टिप्परवर ताडपत्री नाही. वाऱ्यानं वरचा थर गार झाला, त्याचे गोळे बनले. खालचा रस्ता रात्रभर गारठलेला. त्यावर गावरस्त्यावर असतो तसा 20 मिलिमीटरचा पातळ कार्पेट थर पसरला. थर जितका पातळ, तितका तो भराभर गार होतो. जाडी निम्मी केली तर गार व्हायला लागणारा वेळ निम्म्याहूनही कमी होतो. रोलर येईपर्यंत मिश्रण कडक झालेलं. मग रोलर कितीही फेऱ्या मारो, खडी एकमेकींत बसत नाही. वरून रस्ता काळाभोर, छान दिसतो. आत मात्र पोकळ्या राहतात.

या पोकळ्यांतच सगळं आहे. दाबलेल्या थरात हवेच्या पोकळ्या साधारण 8 टक्क्यांच्या वर गेल्या की त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाण्याला वाट मिळते. जूनमध्ये पाणी आत शिरतं. वरून चाक गेलं की ते पाणी दाबानं खडी आणि डांबर यांच्या मध्ये घुसतं. डांबर सुटतं, खडी मोकळी होते, खड्डा पडतो. आपण म्हणतो, पावसानं रस्ता खाल्ला. खरं तर पावसानं डिसेंबरमध्ये उघडी राहिलेली वाट शोधली.

म्हणूनच नियम आहे की पृष्ठभागावरची हवा 10 अंशांच्या खाली असेल तर साध्या डांबराचं काम थांबवायचं. सुधारित डांबर असेल तर ही मर्यादा 15 अंश. पाणी साचलेलं असेल, धुकं असेल, खालचा थर ओलसर असेल तरी काम थांबवायचं. वाऱ्याचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर गेला तरी तेच. आपल्याकडच्या थंडीत याचा साधा अर्थ असा: दव वाळल्यावर, दहा-अकराच्या सुमारास पसरायला सुरुवात करा आणि ऊन उतरायच्या आत दबाई संपवा. परभणीच्या जानेवारीतही दुपारचं ऊन डांबराला पुरेसं असतं. पहाटे किंवा रात्री उरकून टाकायचा मोह तेवढा टाळायचा.

दवाबद्दल आणखी थोडं. नव्या थराआधी जुन्या थरावर इमल्शन फवारतात, त्याला टॅक कोट म्हणतात. इमल्शन म्हणजे डांबर आणि पाणी यांचं मिश्रण. फवारल्यावर ते चहासारखं तपकिरी दिसतं, पाणी सुटलं की काळं पडतं. साइटवर याला 'ब्रेक होणं' म्हणतात. थंडीत आणि ओलसर पृष्ठभागावर ते उशिरा ब्रेक होतं. तपकिरी असतानाच वर थर टाकला, किंवा धूळ न झाडता फवारलं, तर दोन थर चिकटतच नाहीत. पुढं ब्रेक मारलेल्या जागी, वळणावर, गतिरोधकाजवळ वरचा थर पापडासारखा सुटतो. असे पापड तुम्ही नक्की पाहिले असतील.

सिमेंट रस्ता: थंडी त्याची मैत्रीण, घाई त्याची वैरीण

गावात आतले रस्ते आता बहुतेक सिमेंटचे. सिमेंटच्या बाबतीत गंमत वेगळी आहे. डांबर गार होऊन घट्ट होतं. सिमेंट मात्र वाळून घट्ट होत नाही. ते पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं. पाणी संपलं की क्रिया थांबते, ताकद तिथंच अडते.

थंडीत ही क्रिया मंदावते. भारतीय मानकांनुसार 5 अंशांच्या खाली काँक्रीट टाकणं म्हणजे 'थंड हवामानातलं' काम, त्याला खास काळजी लागते. परभणीत असे दिवस थोडे. एरवी आपला हिवाळा काँक्रीटला मे महिन्यापेक्षा कितीतरी चांगला. सावकाश घट्ट झालेलं काँक्रीट पुढं जास्त ताकद धरतं. पण अट एकच, त्याला वेळ द्यायचा.

चूक होते ती तीन ठिकाणी.

पहिली चूक: "थंडी आहे, पाणी कशाला मारायचं?" हिवाळ्यातली दुपार आठवा. ओठ फुटतात, अंगाची कातडी ओढते. तोच कोरडा वारा ओल्या काँक्रीटवरून जातो. पहिल्या काही तासांतच वरचं पाणी उडालं तर केसासारख्या बारीक भेगा पडतात. म्हणून टाकल्यावर आधी ओलं गोणपाट किंवा प्लास्टिक अंथरायचं. ते रात्री थंडीपासूनही वाचवतं. मग मातीचे छोटे बांध घालून आळी करायची आणि पाणी साठवायचं. रस्त्यासाठी हे किमान 14 दिवस चालायला हवं. आता बाजारात फ्लाय अ‍ॅश असलेलं पीपीसी सिमेंट सर्रास मिळतं. ते चांगलं आहे, पण सुरुवातीला सावकाश ताकद धरतं. म्हणजे थंडीत तर पाण्याला सुट्टीच नाही.

दुसरी चूक: मिक्सरमध्ये जास्तीचं पाणी. थंडीत मिश्रण घट्ट वाटलं की बादलीभर पाणी वाढवतात. काँक्रीट पसरायला सोपं जातं, पण थंडीत ते उशिरा घट्ट होतं. तोवर जास्तीचं पाणी सिमेंटचा बारीक अंश घेऊन वर येतं. वरचा थर कच्चा राहतो. दोन महिन्यांत रस्त्यावरून धूळ उडायला लागते, खडी उघडी पडते. वर कोरडं सिमेंट भुरभुरून घोटणं हा त्यावरचा उपाय नाही. तो पापुद्रा तर आणखी लवकर निघतो.

तिसरी चूक: जोड कापायला उशीर. सिमेंट रस्त्यावर ठरावीक अंतरावर आडव्या रेघा दिसतात ना? त्या शोभेच्या नाहीत. काँक्रीट तापमानाबरोबर वाढतं, आक्रसतं. 100 मीटर लांबीचा पट्टा 20 अंशांच्या फरकानं साधारण 2 सेंटिमीटर कमी-जास्त होऊ पाहतो. त्याला जागा दिली नाही तर तो स्वतः भेग पाडून जागा करून घेतो. म्हणून साधारण दर साडेचार मीटरला कटरनं खाच मारतात. जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल. म्हणजे 20 सेंटिमीटरच्या स्लॅबला 5 ते साडेसहा सेंटिमीटर. भेग पडायचीच असेल तर त्या खाचेखाली सरळ पडते.

ही खाच फार लवकर मारली तर कडा तुटतात. उशीर केला तर भेग आधीच पडून जाते. हिवाळ्यात काँक्रीट सावकाश घट्ट होतं, म्हणून "उद्या बघू" म्हटलं जातं. पण दुपारी टाकलेलं काँक्रीट त्याच रात्री गारठून आक्रसतं. सकाळी आल्यावर वेडीवाकडी भेग स्वागताला हजर. सकाळी लवकर टाकलेल्या कामाला दिवसभराची ऊब मिळते, आणि कटरवाल्यानं पहिल्या रात्रीही तयार असायला हवं.

आणि मग येतो ऊस

इथं आपल्या जिल्ह्याची खरी पंचाईत आहे. रस्त्याला विश्रांती हवी असते नेमकं तेव्हाच गाळप हंगाम जोरात असतो. फडातून निघालेला ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, टपापर्यंत ऊस. तो हायवेवर जाण्याआधी गावरस्त्यावरूनच जातो. कापसाच्या गाड्या वेगळ्याच.

नवा सिमेंट रस्ता वाहनांना साधारण 28 दिवसांनी खुला करायचा असतो. गावात आठव्या दिवशी कुणीतरी दगड बाजूला सारतं. बिचाऱ्या शेतकऱ्याचाही इलाज नसतो, तोड आली की ऊस थांबत नाही. म्हणून ग्रामपंचायतीनं काम मंजूर झाल्यावर आधी विचारायला हवं: आपल्या शिवारात तोड कधी आहे? वळणरस्ता कुठून देणार? हे न ठरवता डिसेंबरात काँक्रीट टाकणं म्हणजे ओल्या भिंतीला पाठ टेकणं.

वजनाचा हिशोबही डोक्यात ठेवा. अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात इलिनॉय राज्यात रस्त्यांची एक मोठी चाचणी झाली. वेगवेगळ्या जाडीच्या रस्त्यांवर ट्रक सतत फिरवले. त्यातून नियम निघाला: एका आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होतं. दीडपट वजन म्हणजे पाचपट नुकसान. आपल्याकडं 2018 मध्ये ट्रकच्या चार टायरच्या एका आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन झाली. ऐकायला सव्वा टन. याच हिशोबानं नुकसान मात्र दीडपटीच्याही वर जातं. आणि ही झाली कायदेशीर वजनाची गोष्ट.

म्हणजे तुमच्या बाइकनं रस्ता झिजत नाही. गावातल्या सगळ्या बाइकांपेक्षा एका हंगामातल्या ओव्हरलोड ट्रॉल्या जास्त नुकसान करतात. त्यात गावरस्ता जेमतेम पावणेचार मीटर रुंद. समोरून गाडी आली की एक चाक साइडपट्टीवर उतरतं. काळी माती तिथं आधीच वाळून खचलेली, डांबराची कड अधांतरी. कड तुटते, दुसऱ्या वर्षी आणखी तुटते, रस्ता बारीक होत जातो.

हिवाळ्यातली देखभाल: स्वस्त आणि वेळेवर

जुन्या काळी बांधकाम खात्याचे मैलकुली असायचे. ठरलेल्या पट्ट्यात रोज फिरायचं, गटार उघडायचं, छोटा खड्डा मोठा व्हायच्या आत बुजवायचा. ती शिस्त आजही लागू पडते. क्रम असा ठेवता येतो.

पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात: आधी पाण्याच्या वाटा. गटारं, मोऱ्या मोकळ्या करा, साइडपट्टीवरचं गवत काढा. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली असेल तर पाणी रस्त्यावरच थांबतं, ती तासून बाहेर उतार द्या. खचली असेल तर मुरूम टाकून दाबा. रस्त्याचा मधला भागही कडेपेक्षा उंच हवा. पावणेचार मीटरच्या रस्त्यात हा फरक साधारण 4-5 सेंटिमीटर असतो.

त्याच सुमारास खड्डे. खड्डा बुजवणं म्हणजे खडी ओतून टिप्परनं दाबणं नाही. खड्ड्याभोवतीचा कमकुवत भाग चौकोनी कापायचा, कडा उभ्या ठेवायच्या. सगळी माती-धूळ काढायची, तळ कोरडा करायचा. तळाला आणि कडांना टॅक कोट. मग मिश्रण थराथरानं भरून प्रत्येक थर दाबायचा, शेवटी कडेचा सांधा डांबरानं बंद. गोल, उथळ, धुळीत बुजवलेला खड्डा महिन्यात परत येतो.

डिसेंबर-जानेवारीत: भेगा. थंडीत सगळं आक्रसलेलं असतं, त्यामुळं भेग जास्त उघडी आणि आतून कोरडी असते. दव वाळल्यावर ब्रशनं किंवा हवेच्या झोतानं साफ करून भरली तर माल आत जातो आणि उन्हाळ्यात बंद भेगेत घट्ट बसतो. सिमेंट रस्त्याचे जोडही तपासा. त्यातलं सीलंट निघालं असेल तर खडे अडकतात, उन्हाळ्यात स्लॅब फुगला की त्याच्या कडा फुटतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन तापायला लागलं की सीलकोटसारखी कामं. त्यांना ऊब हवी असते.

आणि एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या हातातली. रब्बीत जायकवाडीच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटतं, शेताला पाणी चालू असतं. पाट फुटून पाणी रस्त्याच्या कडेला साचलं, तर भर हिवाळ्यात काळ्या मातीला पावसाळा भेटतो. रस्ता खोदून पाइप टाकला आणि वर काळी मातीच लोटली, तर पुढच्या पावसात तिथं आडवा खड्डा ठरलेला. पाइप शक्यतो मोरीतून न्या. खोदावंच लागलं तर परवानगी घ्या आणि चर मुरूम-खडीनं थर दाबत भरून घ्या.

तुमच्या हातातला मोबाइल कशासाठी?

व्हिडिओ काढून "भ्रष्टाचार" असं लिहिण्याआधी चार गोष्टी बघा. काम करणाऱ्यांच्या आड न येता, रोलरपासून लांब उभं राहून.

एक, वेळ आणि तापमान. मिश्रण पसरताना किती वाजले होते? फोनमधलं हवामान अ‍ॅप किती अंश दाखवत होतं? टिप्परवर ताडपत्री होती का? मिश्रणातून निळसर धूर निघत असेल तर ते जास्त तापून जळालंय. गोळे पडत असतील तर ते गार झालंय. साइटवर थर्मामीटर आहे का, हे विचारायला लाजू नका.

दोन, पृष्ठभाग. इमल्शन टाकण्याआधी झाडलं का? ते काळं पडल्यावरच थर टाकला का?

तीन, सिमेंट रस्ता असेल तर चौदा दिवस रोज एक फोटो. आळीत पाणी आहे की नाही, एवढंच. तारखेसह असे चौदा फोटो कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बोलतात.

चार, फलक. कामाचं नाव, लांबी, खर्च, ठेकेदार, आणि दोष दायित्व कालावधी. हा शेवटचा शब्द पाठ करा. या काळात रस्ता खराब झाला तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं करायची असते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत काम पूर्ण झाल्यावर 5 वर्षांची देखभाल करारातच असते.

तक्रार कुठं करायची? आधी रस्ता कुणाचा ते बघा. गल्लीतला रस्ता ग्रामपंचायतीकडं, ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडं, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. परभणी-मानवत-पाथरीवरून जाणारा 61 क्रमांकाचा मार्ग राष्ट्रीय महामार्ग आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यासाठी 'मेरी सडक' अ‍ॅप आहे, त्यावर फोटोसह तक्रार जाते. खोलात जायचं असेल तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि चाचण्यांचे अहवाल मागता येतात. अहवालात मिश्रणाचं तापमान आणि दबाईची घनता शोधा.

हे सगळं ठेकेदाराला किंवा इंजिनिअरला पकडण्यासाठी सांगितलेलं नाही. कित्येक जण नियमानं काम करायला तयार असतात, पण गावच म्हणतं, "साहेब, उद्या सप्ताह आहे, आज रात्रीच उरका." त्या वेळी गावातल्या एका तरी पोरानं म्हणायला हवं, "थांबा, सकाळचं दव वाळू द्या." एवढ्या एका वाक्यानं रस्त्याचं आयुष्य काही वर्षांनी वाढू शकतं.

तर मंडळी, हा भाग तुमच्या गावच्या ग्रुपवर टाका, खास करून जिथं सध्या खडी येऊन पडलीय तिथं. तुमच्याकडं काम कधी सुरू होतंय आणि ऊस कधी निघतोय, ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर गाडी सावकाश चालवा, आणि पहाटे धुक्यात लाइट लावायला विसरू नका.